‘जेवलात का?’ या प्रश्नाचा काळ कोणता?

इंग्रजीचे बारा काळ आपली मुले तोंडपाठ म्हणतात. त्यातला एक मात्र दहावी झाली, पदवी झाली, नोकरी लागली तरी पाठ सोडत नाही. तो म्हणजे प्रेझेंट परफेक्ट. माझे मत आधीच सांगून टाकतो. हा काळ मुलांना अवघड जातो तो त्यांच्या डोक्यामुळे नाही आणि त्यांच्या माध्यमामुळेही नाही. आपण तो सुट्या वाक्यांतून घोटवून घेतो म्हणून तो अवघड जातो. सुट्या वाक्यात हा काळ राहतच नाही. बोलणारा माणूस आणि त्याचे ‘आत्ता’ यांच्यामध्ये जे नाते असते, तिथे तो राहतो.

कोणत्याही मुलाची वही उघडून पाहा. ‘मी पत्र लिहितो, मी पत्र लिहीत आहे, मी पत्र लिहिले आहे.’ समोर इंग्रजी: ‘आय हॅव रिटन अ लेटर.’ खाली सूत्र: हॅव किंवा हॅज, अधिक क्रियापदाचे तिसरे रूप. आपल्याकडच्या तीन पिढ्यांनी हे पत्र लिहून ठेवले आहे, पण ते कोणाला लिहिले आणि पुढे टपालात पडले की नाही, हे कोणी विचारले नाही. गंमत अशी की हा काळ वापरायचा की नाही, हे त्या न विचारलेल्या गोष्टीवरच ठरते. पत्र टेबलावर आहे आणि तुम्ही म्हणता आहात, ‘हे घे, टाकून ये’, तर ‘आय हॅव रिटन’. पत्र मंगळवारी लिहिले हे सांगायचे असेल, तर ‘आय रोट’. वहीतले वाक्य या दोन्हींपैकी काहीच सांगत नाही. मुलाला रूप पाठ होते, निवड करता येत नाही.

मी काही वर्षांपासून आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात संध्याकाळी मुलांना इंग्रजी शिकवतो. दहावी-बारावीची मुले असतात, आयटीआयची असतात, आखाती देशांत नोकरीला जाऊ पाहणारी असतात. (वरचे माझे पहिलेच वाक्य इंग्रजीत करून पाहा. मराठीत ‘शिकवतो’ हा साधा वर्तमानकाळ, इंग्रजीत ‘आय हॅव बीन टीचिंग’. आपला घोटाळा इथूनच सुरू होतो.) त्यातला एक मुलगा एसी दुरुस्तीचे काम करणारा, हाताने फार चांगला. मुंबईत मुलाखतीला गेला. किती वर्षे काम करतोस, असे विचारल्यावर त्याने उत्तर दिले, ‘आय वर्क्ड इन अ वर्कशॉप फॉर फाइव्ह इयर्स.’ समोरच्याने लगेच विचारले, मग सोडले का? मुलगा गोंधळला. त्याने काही सोडले नव्हते, त्याच दिवशी रजा टाकून तो मुलाखतीला आला होता. पण त्याचे इंग्रजी वाक्य सांगत होते की ते काम संपले. मग तो सारवासारव करू लागला, आणि सारवासारव करणारा माणूस खोटे बोलतो आहे असे वाटतेच. नोकरी तेवढ्यामुळे गेली असे मी म्हणणार नाही. पण ‘आय हॅव वर्क्ड’ एवढा एक शब्द मध्ये असता, तर तो प्रश्न आलाच नसता.

त्याच वर्गात दुसरा एक म्हणाला, ‘माय फादर हॅज गॉन टू सौदी.’ त्याचे वालिद मागच्या गल्लीत पानाच्या दुकानावर बसलेले मी येताना पाहिले होते. त्याला सांगायचे होते की ते सौदीला राहून आले आहेत. ‘हॅज गॉन’ म्हणजे गेले आणि अजून तिकडेच आहेत. ‘हॅज बीन’ म्हणजे जाऊन आले. व्याकरणाची पुस्तके या फरकावर पानभर लिहितात आणि मुले ते पान उलटतात. मी त्याला मराठीत विचारले, ‘अब्बा हजला गेलेत’ आणि ‘अब्बा हजला जाऊन आलेत’ यात फरक काय? तो हसला. म्हणाला, सर, पहिल्यात घरी नाहीत, दुसऱ्यात हाजीसाहेब झाले. एवढेच तर शिकायचे होते. ते त्याला आधीपासून येत होते.

हाच माझा मुद्दा आहे. प्रेझेंट परफेक्टची समज आपल्या मुलांकडे घरूनच असते, एका नाही तर दोन-तीन भाषांतून. मराठी शाळेत याला पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात, म्हणजे वर्तमानकाळाच्या पोटात घालतात. उर्दू शाळेत याच रूपाला माज़ी क़रीब म्हणतात. उर्दू व्याकरणात माज़ीचे म्हणजे भूतकाळाचे सहा प्रकार सांगतात. ‘वह आया’ हा माज़ी मुतलक़, ‘वह आया है’ हा माज़ी क़रीब, म्हणजे जवळचा भूतकाळ. एकाच मोहल्ल्यातली दोन मुले, एक झेडपीच्या मराठी शाळेतले आणि एक उर्दू शाळेतले, एकाच रूपाला एक वर्तमान म्हणतो, दुसरा भूत. दोघेही बरोबर आहेत. घटना मागची, तिचे टोक आजपर्यंत पोचलेले. या दोन नावांना शेजारी ठेवले की इंग्रजी काळाचे निम्मे स्पष्टीकरण होऊन जाते. मला मात्र हे शेजारी ठेवणारे पाठ्यपुस्तक अजून भेटलेले नाही.

अरबीतही ही सोय आहे, आणि ती आपल्या कानांवर रोज पाच वेळा पडते. इकामतमध्ये ‘क़द क़ामतिस्सलाह’ म्हणतात. ‘क़ामत’ हे भूतकाळी रूप, त्याच्या आधी ‘क़द’ आला. अरबी व्याकरणकार सांगतात की भूतकाळी क्रियापदामागे ‘क़द’ लागला की तो त्या क्रियेला आत्ताच्या जवळ आणतो. याला ते तक़रीब म्हणतात. ‘क़रीब’ आणि ‘तक़रीब’ एकाच धातूचे. नमाज उभी राहिली आहे, म्हणून उठा, रांगेत या. वाक्य मागचे, परिणाम आत्ताचा. मदरशात सर्फ-नहव शिकलेल्या मुलाला ‘हॅव’चे काम समजवायला मला दोन मिनिटेही लागली नाहीत.

आता अडचणींकडे येतो, कारण सगळे काही घरून येते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. जिथे मराठी आणि इंग्रजी जवळ आहेत तिथे मूल सहज जाते. जिथे त्या किंचित वेगळ्या आहेत तिथे ते नेमके पडते, आणि त्या जागा मोजक्या आहेत.

पहिली जागा कालची. मराठीत ‘मी त्याला काल पैसे दिले आहेत’ हे वाक्य अगदी सरळ आहे. इंग्रजीत ‘यस्टर्डे’ आला की ‘हॅव’ चालत नाही. तारीख, वार, साल, ‘अगो’, ‘लास्ट इयर’ यांपैकी काहीही आले की साधा भूतकाळ. आपल्या कचेऱ्यांतून रोज ‘अ‍ॅज आय हॅव टोल्ड यू यस्टर्डे’ अशा ईमेल जातात. काही जण म्हणतील, हे आपले भारतीय इंग्रजी आहे, असू द्या. माझी हरकत नाही, अर्थ कळतो. पण नियम माहीत असून तो मोडणे वेगळे, आणि माहीतच नसणे वेगळे. परीक्षेत गुण दुसऱ्याचे जातात.

दुसरी जागा याच्या उलट. ‘गेल्या वर्षी मी अजमेरला गेलो होतो.’ मुले याचे ‘आय हॅड गॉन’ करतात, कारण ‘होतो’ दिसला की ‘हॅड’ लावायचा असे सूत्र त्यांना शिकवलेले असते. इंग्रजीला इथे नुसते ‘आय वेंट’ पुरते. म्हणजे मराठीतल्या ‘आहे’ आणि ‘होता’ या दोन्हींच्या वाट्याचे काही काम इंग्रजीत साधा भूतकाळच उचलतो. हे एकदा नीट सांगितले की निम्म्या लाल रेघा कमी होतात.

तिसरी जागा ‘पासून’ची. ‘दहा वर्षांपासून’ आणि ‘२०१५ पासून’ दोन्हीला आपला एकच ‘पासून’, उर्दूत एकच ‘से’. इंग्रजीत मुदत असेल तर ‘फॉर’, सुरुवातीचा बिंदू असेल तर ‘सिन्स’. शिवाय क्रियापद वर्तमानात ठेवायची आपली सवय. म्हणून ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’. इथे मराठी मदतीला येत नाही, इथे सराव हवा.

चौथी जागा मला सर्वांत मजेशीर वाटते. ‘त्याने चार पोळ्या खाल्ल्या आहेत’ यात क्रियापद पोळ्यांमागे जाते, खाणाऱ्यामागे नाही. म्हणून ‘आहेत’ ऐकून मूल ‘ही हॅव ईटन’ लिहिते. इंग्रजीत क्रियापद खाणाऱ्याच्या मागे राहते, पोळ्या चार असोत की चाळीस. पण आमच्या सोलापूर-मराठवाड्याकडून आलेल्या मुलांच्या घरी दखनी बोलतात. दखनीत ‘ने’ लागत नाही. ‘मैं चार रोट्यां खाया हूं.’ क्रियापद खाणाऱ्याचे! ज्या बोलीला मोडकी उर्दू म्हणून सगळे हसतात, तिची मांडणी इथे इंग्रजीशी जुळते. एका मुलाला मी हे दाखवले तेव्हा तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. आपल्या घरच्या बोलीला नियम असतो हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

आणि शीर्षकातला प्रश्न राहिला. ‘जेवलात का?’ मराठीत साधा भूतकाळ. पण आपण विचारतो ते आत्तासाठी, ताट वाढू का यासाठी. म्हणून इंग्रजीत ‘हॅव यू ईटन?’ ‘बस आली’, ‘कळलं का?’ हेही तसेच. रूपावरून भाषांतर केले तर चुकणार, हेतूवरून केले तर जमणार. (अमेरिकन माणूस मात्र ‘डिड यू ईट?’ असेही सहज विचारतो. मुले त्यांच्या मालिका पाहून तसे लिहितात आणि आपले शिक्षक गुण कापतात. मी कापत नाही.)

मग सराव कसा करायचा? मी भाषांतराची वाक्ये जवळजवळ बंद केली आहेत. रमजानमध्ये मी मुलांना विचारतो, किती रोजे झाले? विसाव्या रोज्याला उत्तर येते, ‘आय हॅव केप्ट ट्वेंटी फास्ट्स धिस रमजान.’ महिना चालू आहे, हिशेब उघडा आहे. ईद झाली की तेच वाक्य ‘आय केप्ट’ होते. मध्ये फक्त चंद्र दिसला. सकाळचेही तसेच. अकरा वाजता ‘आय हॅव हॅड थ्री कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग’, आणि संध्याकाळी तोच चहा ‘आय हॅड’.

दुसरा सराव जोडीचा. एकाने विचारायचे, ‘हॅव यू एव्हर बीन टू अजमेर?’ दुसऱ्याने ‘येस, आय हॅव’ म्हटले की पहिल्याला लगेच काळ बदलावा लागतो: ‘व्हेन डिड यू गो?’ पहिला प्रश्न अनुभवाचा, दुसरा तारखेचा. त्या वळणावर मुले सुरुवातीला हमखास अडखळतात. दहा-बारा दिवसांत वळण सवयीचे होते. तिसरा सराव बातम्यांचा. ब्रिटिश वृत्तसंस्थांच्या बातमीचे पहिले वाक्य बहुधा ‘हॅज’ने सुरू होते, अमुक मंत्र्याने राजीनामा दिला आहे. पुढचा तपशील, कधी दिला, कोणाकडे दिला, साध्या भूतकाळात. आपली मराठी वर्तमानपत्रेही पुष्कळदा असेच लिहितात. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला सांगतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीचे मूल दहा वर्षे ही भाषा शिकलेले असते. तरी आपले पालक त्याला मराठी किंवा उर्दू शाळेतून काढून गल्लीतल्या इंग्रजी शाळेत घालतात, पोटाला चिमटा काढून फी भरतात. त्यामागची तळमळ मला कळते, ती खोटी नाही. पण अशा काही शाळांतली मुले माझ्याकडे येतात. ‘हॅव प्लस थर्ड फॉर्म’ ती घडाघडा म्हणतात आणि ‘गेलेत’ व ‘जाऊन आलेत’ यातला फरक मात्र त्यांना कोणत्याच भाषेत सांगता येत नाही. त्यांना शिकवायला मला जास्त वेळ लागतो.

एक गोष्ट मात्र पाठांतरावाचून होत नाही, ती म्हणजे तिसरी रूपे. गो-वेंट-गॉन, ईट-एट-ईटन, पुट-पुट-पुट. रोजच्या बोलण्यात लागणारी अनियमित क्रियापदे फार नाहीत. रोज पाच घेतली तर दोन-तीन आठवड्यांत बहुतेक उरकतात. आमच्याकडे मगरिबनंतर पंधरा मिनिटे तेवढेच चालते, पहाड्यांसारखे, मोठ्या आवाजात. बाजूच्या किराणा दुकानदारालाही आता ‘टेक-टुक-टेकन’पर्यंत पाठ झाले आहे.