झोपूनही न उतरणारा थकवा

मागच्या पावसाळ्यात आम्हाला एक विचित्र सवय लागली. स्वयंपाकघरात येता-जाता तांदळाच्या डब्यात हात जायचा आणि चिमूटभर कच्चे तांदूळ तोंडात. मोठ्या भाभी हसायच्या, "या वयात डोहाळे लागले की काय!" आम्हीही हसायचो.

त्याच दिवसांत शाळेचा जिना जड झाला होता. आमचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. मधल्या वळणावर थांबून आम्ही मुलींशी उगाच दोन गोष्टी बोलायचो, म्हणजे धाप कोणाला दिसू नये. फळ्यावर वरच्या ओळी लिहिताना हात भरून यायचा. घरी वह्या तपासता तपासता डोळा लागायचा आणि वर घरच्यांची वाक्ये ऐकायची, "हल्ली फार आळस आलाय तुला." आम्हालाही तेच वाटू लागले होते. रमजान केव्हाच संपला होता, दोष द्यायला तोही नव्हता.

खरे तर ओळखायची खूण सोपी होती. लग्नघरातला थकवा, परीक्षेच्या दिवसांतला थकवा, सहेरीच्या जागरणाचा थकवा दोन रात्री नीट झोपले की उतरतो. आम्ही एका रविवारी नऊ तास झोपलो आणि उठलो ते तितकेच थकलेले. असे दोन-तीन आठवडे चालले, तर तो आळस नव्हे.

डोळे उघडले ते एका सोमवारी. शाळेत त्या दिवशी मुलामुलींना लोहाची निळी गोळी देतात. आम्ही गोळ्या वाटत होतो आणि नेहमीचे भाषण देत होतो, की रक्त कमी झाले तर चक्कर येते, अभ्यासात लक्ष लागत नाही. आठवीतल्या एका मुलीने विचारले, "मिस, आप नहीं लेते क्या?" उत्तर सुचले नाही.

त्याच आठवड्यात रक्त तपासले. हिमोग्लोबिन 8.2. बाईचे किमान 12 हवे, पुरुषाचे 13. कच्चे तांदूळ, माती, बर्फ, खडू खावेसे वाटणे हे लोह कमी झाल्याचे लक्षण असू शकते, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितले तेव्हा भाभींच्या डोहाळ्यांचा उलगडा झाला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे आम्ही काही वेगळे नव्हतो.

"पण मॅडम, आमच्या घरी मटण होते," आम्ही म्हणालो. त्यांनी विचारले, "तुमच्या ताटात किती येते?" आता काय सांगणार? कलेजी आधी मुलांना, मग घरच्या पुरुषांना. शेवटी बसणारीला रस्सा आणि भात. वर जेवण झाल्या झाल्या कडक चहा. चहामुळे जेवणातले लोह अंगी लागत नाही, म्हणून दोहोंत तासभराचे अंतर हवे.

पुढचा प्रश्न पाळीचा होता. दोन वर्षांपासून आठ-आठ दिवस जात होते आणि आम्ही ते वयावर ढकलले होते. सोनोग्राफीत गर्भाशयात लहानशी गाठ निघाली. तिचे औषध वेगळे चालू आहे. भगिनींनो, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तरी आपण होऊन सांगा. रक्त जातच राहिले तर नुसत्या गोळ्यांनी भरून येत नाही. पुरुषांचे रक्त कमी निघाले तर ते कुठून जाते याचा शोध घ्यायलाच हवा. मूळव्याध म्हणून लपवून ठेवू नये.

दुकानातून आपल्या मनाने टॉनिक आणू नका. थकवा थायरॉइडचा, साखरेचा, बी-12 च्या कमतरतेचाही असतो, कधी मनातल्या उदासीचाही. थॅलेसेमियाचा अंश असलेल्यांचेही हिमोग्लोबिन कमी दिसते, पण त्यांना तपासल्याशिवाय लोह देणे बरे नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, तर मात्र रिपोर्टची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

गोळ्यांचा अनुभव सांगतो. उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगली लागू पडते, पण आम्हाला मळमळ झाली, म्हणून जेवणानंतर घेऊ लागलो. शौचाला काळे होते, त्याने घाबरू नये. पंधरा दिवसांत तांदळाची ओढ गेली. महिन्याभराने जिन्याचे वळण न थांबता पार केले. तीन महिन्यांनी 11.6 आले. आम्ही गोळ्या थांबवणार होतो, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आकडा पुरा झाल्यावरही शरीरातला साठा भरायला आणखी तीन महिने घ्याव्या लागतात. बहुतेक जणी इथेच सोडतात आणि वर्षभरात पुन्हा तिथेच येतात.

घरात आता जेवायला सगळे एकदम बसतो. सासूबाईंना पहिले काही दिवस ते रुचले नाही.

मोठ्या भाभींचाही जिना हल्ली जड झाला आहे. काल त्यांना आम्हीच तपासणीला घेऊन गेलो. रिपोर्ट उद्या मिळेल.