कार्बोरेटर फेकण्याआधी

मैत्रिणींनो, ह्यांची रोजची ये-जा आणि सासूबाईंचा मेहकरचा दवाखाना, दोन्ही आमच्या १९९७ सालच्या मारुती ८०० वर. मध्यंतरी गाडी सुरू व्हायची अन् साखरखेर्ड्याची वेस ओलांडायच्या आत बंद पडायची. पेट्रोलचा वास, धूर काळा. मेकॅनिक म्हणाला, "ताई, कार्बोरेटर नवाच बसवा." मी म्हटलं, भाऊ, आधी उघडून तर पाहू!

कार्बोरेटरमधला फ्लोट पाण्याच्या टाकीतल्या चेंडूसारखा. पेट्रोल भरलं की तो वर येतो आणि सुईने वाट बंद करतो. सुईचं टोक झिजलं की पेट्रोल ओसंडतं. आमचं तेच निघालं. रिपेअर किटमध्ये सुई आणि गास्केटं मिळतात, खर्चही नव्यापेक्षा पुष्कळ कमी. फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोल खुळखुळलं तर तोही बदलावा.

सुटे स्क्रू मी मिसळणाच्या जुन्या डब्यात ठेवले, वाटीगणिक वेगळे. स्टोव्हला पिन मारायची सवय मात्र इथे नको हं! जेट पितळी असतो, तारेने भोक मोठं होतं. पेट्रोलने धुऊन हवा मारावी.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते सोसत नाही. तेव्हा नळ्या त्याला चालणाऱ्याच घ्याव्यात. थ्रॉटलचा दांडा ढिला होऊन बाजूने हवा शिरत असेल किंवा अंगालाच तडा असेल, तर मात्र नवा घ्यावा.

आणि हे सारं अंगणात, विडी-काडीपासून दूर. आमच्या मेकॅनिकला मी विडी विझवायला लावली, तेवढं त्याला आवडलं नाही.