नदीचा सातबारा कोणाच्या नावावर?

मराठी देवघरांतून ज्या शाळिग्रामाची नित्य पूजा होते, तो नेपाळातील गंडकीच्या पात्रातून येतो, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या नदीच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आणि तिच्या पाण्यावरच जगणाऱ्या माणसांची माहिती फार थोड्यांना असते. बोटे ही त्यांपैकीच एक जमात. होड्या चालविणे, मासे मारणे आणि नदीची वाळू धुऊन तीतून सोन्याचे कण वेचणे, हे तिचे परंपरागत व्यवसाय. नेपाळच्या २०११ सालच्या जनगणनेत या जमातीची संख्या अवघी १०,३९७ भरली. एवढ्या लहान समाजाच्या गाऱ्हाण्याकडे राजकारणाचे लक्ष सहसा जात नाही. तथापि या गाऱ्हाण्यामागे जो प्रश्न आहे तो लहान नाही. ज्याची मालमत्ता जमिनीत नसून वाहत्या पाण्यात आहे, त्याचा हक्क आधुनिक राज्यसंस्थेने मोजावयाचा कसा, हा तो प्रश्न होय.

बोटे लोकांची वस्ती काली गंडकी, त्रिशूली, नारायणी आणि राप्ती या नद्यांच्या काठाने पसरलेली आहे. काली गंडकी आणि त्रिशूली यांचा संगम देवघाट येथे होतो. तेथून पुढे नदीस नारायणी म्हणतात आणि भारतात आल्यावर तीच गंडक होते. सावर वा साल यांच्या अखंड खोडातून कोरून काढलेली होडी हे बोट्यांचे मुख्य साधन. पूल नव्हते त्या काळी डोंगराळ मुलखातील दळणवळण या होड्यांवरच अवलंबून होते. उतारूंना पैलतीरी पोहोचविल्याबद्दल काठावरील गावे वर्षाकाठी त्यांना धान्य देत. महाराष्ट्रातील बलुत्याशी या पद्धतीचे साम्य सहज लक्षात येईल. मात्र बलुतेदाराला निदान गावात स्थान असे, काहींना वतनाची जमीनही असे. बहुतेक बोट्यांकडे नांगराखाली आणावी अशी जमीन नव्हती आणि तिची निकडही त्यांना भासली नाही. नदी हेच त्यांचे शेत होते. तिचीच ते पूजा करीत आणि तिच्या पुराचा कोपही सोशीत. कोणत्या डोहात कोणता मासा केव्हा येतो, पाणी गढूळ झाले म्हणजे वर कोठे पाऊस झाला असावा, हे ज्ञान त्यांच्याकडे बापाकडून मुलाकडे येत असे. हे सारे कागदावर कोठेच नव्हते. आणि पुढील सर्व अनर्थाचे मूळ नेमके येथेच आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चितवनच्या तराईत हिवतापाचे राज्य होते. थारू, बोटे, माझी यांसारख्या स्थानिक जमाती सोडल्या तर तेथे वस्ती विरळच असे. १९५० नंतर हिवताप निर्मूलनाची मोहीम झाली आणि डोंगराळ भागांतील शेतकऱ्यांचा लोंढा खाली उतरला. जंगल तोडून शेती करण्यात आली, जमिनीच्या नोंदी झाल्या आणि लालपुर्जे, म्हणजे जमिनीच्या मालकीचे दाखले, वाटले गेले. ज्यांना कचेरीची भाषा अवगत होती त्यांच्या नावावर जमीन लागली. नदीकाठी झोपडी बांधून राहणाऱ्याची दखल घ्यावी, असे कोणास वाटले नाही. परिणामी आजही अनेक बोटे कुटुंबांच्या घराखालची जमीन त्यांच्या नावावर नाही. पुराने काठ कापून नेला तर जागा तर जातेच, पण गेलेल्या जागेची भरपाई मागण्यासही आधार उरत नाही.

पाठोपाठ वन्य जीवांच्या रक्षणाचा प्रश्न पुढे आला. तो खराच गंभीर होता. जंगलतोड व चोरटी शिकार यांमुळे १९६० नंतरच्या दशकाअखेर चितवनातील गेंड्यांची संख्या शंभराच्या आसपास येऊन ठेपली होती. परंतु गेंड्यांच्या ऱ्हासाचा इतिहास पाहिला तर त्यात होडीवाल्यांचे नाव आढळत नाही. १९११ साली ब्रिटिश सम्राट पंचम जॉर्ज याने नेपाळच्या तराईत केलेल्या शिकारीत ३९ वाघ व १८ गेंडे मारले गेले. १९३८ च्या सुमारास व्हाइसरॉय लिनलिथगो याच्यासाठी झालेल्या शिकारीत १२० वाघ व ३८ गेंडे पडले. या मेजवान्या राणा राज्यकर्त्यांनी योजिल्या होत्या. रक्षणाचा भार मात्र दुसऱ्यांच्याच खांद्यावर पडला. १९६४ साली गेंड्यांसाठी सुमारे २२ हजार लोकांना हलविण्यात आले. १९७३ साली चितवन राष्ट्रीय उद्यानाची स्थापना झाली, १९७५ पासून तेथे लष्कराचा पहारा बसला आणि १९८४ साली युनेस्कोने या उद्यानाचा जागतिक वारशात समावेश केला. राप्ती आणि नारायणी या नद्या उद्यानाच्या सीमा ठरल्या. नकाशावर रेघ ओढणाऱ्याच्या दृष्टीने नदी ही सोयीची हद्द होती. बोट्यांच्या दृष्टीने ती राहती जागा होती. कालपर्यंत जे उपजीविकेचे साधन होते, तो एका कायद्याने अपराध ठरला.

उद्यानाला यश आले, हे मान्य करावयास हवे. २०२१ सालच्या गणनेत नेपाळात ७५२ गेंडे आढळले आणि त्यांपैकी ६९४ एकट्या चितवनात होते. जगात फार थोड्या देशांना असे यश लाभले आहे. परंतु ते पदरात पाडून घेताना किंमत कोणी मोजली, हे विचारणे म्हणजे संवर्धनाला विरोध करणे नव्हे. होड्या व जाळी जप्त होणे, दंड, अटक यांचे भय बोटे वस्त्यांना पुढे कित्येक वर्षे घेरून होते. ज्या अधिकाऱ्याने पकडावयाचे त्यालाच निवाडा करण्याचे व्यापक अधिकार कायद्याने दिल्यावर गरिबाने दाद मागावयाची कोणाकडे? बोट्यांचे शेजारी असलेल्या चेपांग या वनवासी जमातीचा अनुभव याहून कटू आहे. जुलै २०२० मध्ये उद्यानालगतच्या माडी भागात चेपांग कुटुंबांची काही घरे जाळण्यात आली आणि काही हत्तींकरवी पाडण्यात आली. त्याच महिन्यात, ओढ्यातील गोगलगायी वेचावयास गेलेला एक चेपांग तरुण सैनिकांच्या मारहाणीनंतर मरण पावल्याचा आरोप झाला आणि नेपाळभर संताप उसळला.

१९९० च्या लोकशाही चळवळीनंतर बोटे, माझी आणि मुसहर या जलजीवी जमाती संघटित झाल्या. त्यांनी मोर्चे काढले, धरणी धरली आणि त्यातून मासेमारीचे परवाने मिळविले. ही प्राप्ती क्षुल्लक नव्हे. तरीसुद्धा परवाना आणि हक्क यांतील अंतर नजरेआड करून चालणार नाही. परवाना देणारा तो नाकारू शकतो, त्याची संख्या मर्यादित करू शकतो, जाळे कोणते, जागा कोणती, दिवस कोणते हे ठरवू शकतो. शिवाय परवाना व्यक्तीच्या नावाने निघतो, तर नदीवरचा हक्क साऱ्या वस्तीचा होता. हक्कदाराचा अशा रीतीने अर्जदार झाला.

१९९३ साली कायदा दुरुस्त होऊन उद्यानाभोवती मध्यवर्ती क्षेत्र निर्माण करण्याची व उद्यानाच्या उत्पन्नातील ३० ते ५० टक्के रक्कम तेथील लोकांच्या विकासासाठी देण्याची तरतूद झाली. हेतू स्तुत्य होता. परंतु समित्यांवर निवडून येतात ते गावात ज्यांचे वजन आहे असे लोक. रस्ता, बांध, कुंपण यांचा लाभ प्रामुख्याने शेतकऱ्याला होतो. ज्याच्याकडे शेतच नाही, त्याला पिकाचे रक्षण करणाऱ्या कुंपणाचा उपयोग किती? उलट त्या कुंपणापलीकडची रानभाजी आणि गोगलगायी याच त्याच्या बायकामुलांच्या पानातील कालवण असतात.

सारा दोष उद्यानावर टाकणेही न्याय्य होणार नाही. भारत व नेपाळ यांच्यात १९५९ साली झालेल्या करारानुसार सीमेवर गंडक बंधारा उभा राहिला. त्याने बिहार व उत्तर प्रदेशातील शेतांना पाणी दिले. पण खालून वर चढणाऱ्या माशांच्या वाटेत तो आडवा आला. मासे घटल्याचा ठपका मात्र काठावरच्या कोळ्यावरच येतो. पूल झाले आणि होड्यांचा उतार संपला. पुलामुळे आजारी माणूस वेळेवर दवाखान्यात पोहोचू लागला, हे इष्टच झाले. परंतु उतारावर जगणाऱ्याला त्याबद्दल पर्यायी काम द्यावे, असे कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेले नव्हते. स्यांग्जा जिल्ह्यात १४४ मेगावॉटचा काली गंडकी प्रकल्प २००२ मध्ये पुरा झाला. तेथे बाधित बोटे कुटुंबांना घरे बांधून देण्यात आली, मत्स्यबीज केंद्रही काढण्यात आले. पण पाणी बोगद्यातून वळविल्यामुळे धरणाखालच्या लांबलचक वळणात कोरड्या ऋतूत नदी रोडावते. घराची भरपाई घराने होते. वाहत्या नदीची भरपाई कशाने होणार? आता वाळू व खडी यांच्या उपशाने पात्रेही पोखरली जात आहेत.

संवर्धनाच्या पुरस्कर्त्यांचा एक आक्षेप गंभीरपणे ऐकावयास हवा. नदीत पसरून ठेवलेल्या जाळ्यांत घरियाल, म्हणजे लांब व निमुळत्या जबड्याची सुसर, अडकून मरते, आणि ही जात नामशेष होण्याच्या मार्गावर आहे, हे खरे आहे. १९७८ पासून कसरा येथे तिची पैदास करून पिल्ले नदीत सोडण्यात येतात. तेव्हा कोणी कोठेही, कसलेही जाळे टाकावे, असे कोणताच समंजस माणूस म्हणणार नाही. परंतु विष घालून किंवा विजेचा झटका देऊन मासे मारणाऱ्या बाहेरच्या माणसाला अडविण्यात सर्वांत अधिक हितसंबंध कोणाचा आहे? ज्याला उद्याही त्याच डोहावर जगावयाचे आहे, त्याचाच. घरियालची घरटी कोणत्या वाळवंटात असतात, हेही तोच अचूक सांगू शकतो. त्याला पहाऱ्याचा विषय न करता पहारेकरी केल्यास नदीचे व जलचरांचे रक्षण अधिक स्वस्तात आणि अधिक निष्ठेने होईल.

भारतालाही हा प्रश्न अपरिचित नाही. मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांच्या सीमेवरील पेंचच्या तोतलाडोह जलाशयात आदिवासींना दिलेल्या ३०५ मासेमारी परवान्यांचा वाद १९९७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने कडक अटी घालून ते परवाने मान्य केले. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने मासे व इतर जलोत्पादने यांवरील सामूहिक हक्काचा स्पष्ट उल्लेख केला. अंमलबजावणीत उणिवा असतील. तथापि पाण्यावरही माणसाचा परंपरागत हक्क असू शकतो, हे तत्त्व त्यामुळे कायद्याच्या पुस्तकात आले, याचे महत्त्व कमी नाही.

नेपाळनेही तत्त्व मान्य करण्यात कसूर केलेली नाही. आदिवासींच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा १६९ क्रमांकाचा करार त्या देशाने २००७ साली स्वीकारला. २०१५ च्या संविधानाने आदिवासी जनजाती आयोगाची तरतूद केली. अतिसीमांत जमातींच्या यादीत बोट्यांची गणना झाली. उणीव आहे ती या वचनांना नदीकाठी उतरविण्याची. तेथे तीन गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. काठावरील वस्त्यांची मोजणी करून घराखालची जमीन रहिवाशांच्या नावे लावावी. व्यक्तीच्या परवान्याऐवजी वस्तीचा सामूहिक मासेमारी हक्क मान्य करून विणीच्या हंगामातील बंदी आणि जाळ्यांचे नियम त्यांच्याच पंचायतीच्या संमतीने ठरवावेत. आणि धरण, बंधारा वा पूल बांधताना केवळ बुडालेली जमीन न मोजता बुडालेला धंदाही मोजावा.

हे झाले नाही तर काय होईल, हे आताच दिसू लागले आहे. तरुण बोटे मजुरीसाठी बाहेर पडत आहेत, त्यांची भाषा घरातूनच मागे सरत आहे, आणि सौराहा येथे पर्यटक ज्या होडीतून गेंडे पाहावयास जातात, ती वल्हविण्यापुरतीच त्या विद्येची किंमत उरत आहे. गेंडा वाचविण्याचे श्रेय नेपाळला निःसंशय मिळावे. परंतु ज्या नदीने गेंड्याला आणि होडीवाल्याला सारखेच पोसले, तिच्या काठावर एकालाच संरक्षण आणि दुसऱ्याला दरवर्षी अर्ज, ही व्यवस्था न्यायाची म्हणता येणार नाही.