फिफ्टी घे म्हणणाऱ्यांनो, आधी आमच्या हॉलमध्ये या

"फिफ्टी घेतलीस का?"

ऑफिसात कोणी सेकंडहँड डीएसएलआर घेतला की कॅन्टीनमध्ये पहिला प्रश्न हाच. मिररलेसकडे वळलेले लोक आपले जुने कॅमेरे स्वस्तात काढतायत, म्हणून आमच्यासारख्यांना ते परवडतात. मी टीममधल्या एकाचा निकॉन डी ५३०० घेतला, सोबत १८-५५ ची किट लेन्स. लगेच सल्लागार मंडळी जमली. "ती किट लेन्स फेकून दे. ५० एमएम एफ/१.८ घे. स्वस्त, शार्प, आणि मागचं कसलं ब्लर होतं!"

घेतली. आणि वर आणखी एक शहाणपणा केला. ५० एमएमच्या दोन आवृत्त्या दिसल्या, त्यातली स्वस्त 'डी' वाली उचलली. "निकॉनची लेन्स निकॉनला लागणारच," दुकानदार म्हणाला. लागली हो. फोकस मात्र होईना. त्या जुन्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत असावी लागते. डी ९० किंवा डी ७००० मध्ये ती आहे. डी ३००० आणि डी ५००० च्या अख्ख्या मालिकांत नाही. म्हणजे बजेट बॉडी घेणाऱ्यालाच बजेट लेन्स चालत नाही! 'एएफ-एस' लिहिलेली घेतली असती तर मोटर लेन्समध्येच आली असती. मला हे कळलं आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या आदल्या रात्री. म्हटलं, हाताने फोकस करू, त्यात काय.

दुसऱ्या दिवशी आमचा चिंचवडचा दहा बाय चौदाचा हॉल, मधोमध खुर्चीत आजी, आणि फ्रिजला पाठ लावून मी. फ्रेममध्ये काय? आजी आणि ओवाळणाऱ्या मावशीचा हात. मावशी नाही, फक्त हात.

यात माझी चूक नव्हती, भूमितीची होती. डी ५३०० च्या सेन्सरवर ५० एमएम लेन्सने दोन मीटरवरून जेमतेम ९४ सेंटीमीटर रुंदी मावते. उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा तर कॅमेरा उभा धरूनही बारा फूट मागे जावं लागतं. बारा फूट! सोफा आणि टीव्ही वजा करून एवढी जागा कोणाच्या हॉलमध्ये आहे, त्याने हात वर करावा. त्यात एफ/१.८ ला मीटरभरावर धारदार पट्टा असतो दोन-तीन सेंटीमीटरचा. आजी जराशी हसून पुढे झुकली की गेला फोकस. निम्मे फोटो तिच्या कानातल्या कुड्यांचे आलेत. सुंदर आलेत, ते एक सोडा.

हा सल्ला आला कुठून? फिल्मच्या जमान्यातून. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फ्रेमचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर, म्हणून तिथे ५० एमएम 'नॉर्मल'. बजेट डीएसएलआरचा सेन्सर त्याहून लहान, कर्ण २८ च्या आसपास. त्यावर तीच लेन्स निकॉनला ७५ एमएमसारखी, कॅननला ८० सारखी वागते. सेन्सर बदलला, सल्ला तोच. आमच्या कामात याला लेगसी कोड म्हणतात. कोणी वाचत नाही, सगळे कॉपी करतात.

"अरे, पुढेमागे फुलफ्रेम घेशील तेव्हा कामी येईल," हे दुसरं पालुपद. डी वाली लेन्स निकॉनच्या मिररलेसला एफटीझेड अ‍ॅडॉप्टरने जोडली तर तिथेही ऑटोफोकस नाही. आणि पुढेमागेचे फोटो पुढेमागे काढू ना, आजी आज ८१ वर्षांची आहे.

मुळात किट लेन्स फेकू नका. १८ एमएमला दोन मीटरवरून अडीच मीटरहून जास्त रुंदी मावते, सगळं खानदान बसतं. तिची खरी अडचण उजेडाची. तिथे उपयोगी पडते ती २००९ साली आलेली निकॉनची डीएक्स ३५ एमएम एफ/१.८ जी. किट लेन्स ३५ एमएमला साधारण एफ/४.५ उघडते, म्हणजे ही सहापट प्रकाश घेते. ट्यूबलाइटच्या खोलीत किटला आयएसओ ३२०० लागत असेल तर हिचं ५०० वर भागतं. किटमधलं व्हीआर तुमचा हात स्थिर करतं, रांगणाऱ्या भाच्याला नाही. कॅननवाल्यांनी २४ एमएम एफ/२.८ एसटीएम बघावी. उजेड कमी घेते, पण जागा फार मागत नाही.

सेकंडहँड घेताना मोबाइलच्या टॉर्चने आरपार बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या लेन्सना ती हमखास भेटते. आणि 'एएफ-पी' वाल्या नव्या लेन्स डी ३१०० किंवा डी ३२०० वर फोकस करत नाहीत, तेही विचारून घ्या. दुकानदार सांगणार नाही.

फिफ्टी वाईट नाही. गच्चीवर एकट्या माणसाचा फोटो काढायला झकास. पण ती दुसरी किंवा तिसरी लेन्स आहे.

आजीच्या कार्यक्रमाचा हॉलमध्ये फ्रेम करून लावलेला फोटो मामेबहिणीने फोनवर काढलाय. मी त्यात कडेला आहे, गळ्यात कॅमेरा.

ती डी वाली फिफ्टी मी गेल्या महिन्यात विकली. घ्यायला आलेल्या मुलाला आधी विचारलं, बॉडी कोणती? डी ७१००, म्हणाला. ठीक आहे, मोटर आहे. मग विचारलं, घर केवढं?