लामत्याचा मावठा आणि गुलमर्गचा बर्फ

या वेळचा प्रश्न नागपूरहून एका भाचीने पाठवला आहे. ऑफिसातल्या मैत्रिणी स्कीइंग शिकायला निघाल्या आहेत, तर औलीला जावं की गुलमर्गला, आणि डिसेंबरात की फेब्रुवारीत? खाली शेराही मारलाय : "मामा, तुम्ही लामत्याचे. बर्फ तुम्ही फक्त गोळेवाल्याकडे पाहिलेला. तरी विचारते."

शेरा मान्य. पण गुलमर्गच्या बर्फाशी आपल्या गावाचं नातं आहे, आणि ते मावठ्याचं आहे. जानेवारीत दोन दिवस आभाळ भरून येतं, भुरभुर पाऊस पडतो, धानाच्या बांध्यांत पेरलेली लाखोळी आणि जवस तरारतात. फार पडला तर हरभऱ्याचा फुलोरा गळतो, आणि गारा आल्या तर विचारूच नका. हा मावठा आणतात ते पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राकडून ते इराण, अफगाणिस्तान ओलांडत येतात, हिमालयाला अडतात, वर चढतात, थंड होतात, आणि तिथे बर्फ पडतो. त्यांची शेपटी कधी मध्य भारतापर्यंत लोंबते. तिला बंगालच्या उपसागराची ओल मिळाली की बालाघाटात छत्र्या निघतात. प्रत्येक विक्षोभ इथवर पोचतोच असं नाही, पण गुलमर्गचं सगळं हिवाळी पोट त्यांच्यावरच चालतं.

आता बर्फाची प्रत. आपल्या बोलण्यात गोळ्याचा बर्फ आणि आभाळातला बर्फ यांना एकच शब्द. 'हिम' आपण पुस्तकापुरता ठेवलेला. म्हणून भाताच्याच भाषेत सांगतो. चिन्नोरचा भात मोकळा शिजला की शीत शीत वेगळं राहतं. पाणी जास्त झालं की तोच भात आसट. बर्फाचंही असंच. थंड आणि कोरड्या हवेत पडलेला बर्फ मोकळा असतो, फुंकर मारली तर उडतो. यालाच स्कीवाले पावडर म्हणतात. तापमान शून्याच्या आसपास असेल तर कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि पायाखाली आसट भात. दहा सेंटिमीटर ताजा बर्फ वितळला की एक सेंटिमीटर पाणी, हा ढोबळ हिशेब. मोकळ्या बर्फात पाणी याहून कमी, ओल्यात जास्त. मात्र अति थंडीही कामाची नाही. स्की सरकते ती घर्षणाने सुटणाऱ्या पाण्याच्या पातळ थरावर. उणे वीसच्या खाली तो थर नीट सुटत नाही आणि बर्फ वाळूसारखा लागतो.

परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलांना हा फरक पायांनी माहीत असतो. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडात पॅसिफिकची दमट हवा थेट येऊन आदळते. बर्फ ढिगाने पडतो, पण जड; तिथले लोक त्याला 'सिएरा सिमेंट' म्हणतात. तीच हवा पुढे कोरडा प्रदेश ओलांडून यूटाला पोचेपर्यंत बरीचशी ओल टाकून आलेली असते, म्हणून तिथला बर्फ हलका. जपानच्या होक्काइडोत सायबेरियाची गारठलेली हवा उबदार समुद्रावरून जाताना ओल उचलते आणि बेटावर दिवसचे दिवस रिती करते. तिथे हलका बर्फ मिळतो आणि भरपूरही.

आपल्याकडे ढिगाची खात्री नाही, हे आधी समजून घ्या. गुलमर्ग 34 अंशांवर, सुमारे 2,650 मीटर उंच. गोंडोला अफरवटच्या अंगाला 3,900 मीटरच्या वर नेते. औली त्याच्या दक्षिणेला, साडेतीस अंशांवर, आणि तिचे उतार तीन हजारांच्या आसपास संपतात. ऊन जास्त तिखट, उंची कमी, त्यामुळे बर्फ लवकर ओला होतो. रात्री गोठून सकाळी कडक पापड, दुपारी चिखल. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी औलीत कृत्रिम बर्फाची यंत्रं बसवली, पण त्या यंत्रांनाही हवा थंड आणि कोरडीच लागते. शिकायला औलीचे उतार छान आहेत. बर्फ मात्र नशिबावर.

गुलमर्गचंही नशीब हल्ली डळमळतं. जानेवारी 2024 मध्ये, ऐन चिल्ला-ए-कलानच्या चाळीस दिवसांत, तिथले उतार तपकिरी होते. विक्षोभच कमजोर पडले होते. 2025 मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर गेला. घोडेवाले, स्लेज ओढणारे, भाड्याने बूट देणारे यांचं वर्षाचं गणित या दोन महिन्यांत बसतं. हरभऱ्याकडे बघत आभाळाची वाट पाहणाऱ्या आपल्या माणसाला ते वेगळं समजावायला नको.

एक गोष्ट भाचीने विचारली नाही, पण सांगायलाच हवी. थंडीत पहाटे कान्हाच्या मैदानात गेलात तर गवतावर पांढरं दहिवर गोठलेलं दिसतं. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशाला देऊन टाकते, गार हवा खोलगट भागात साचते आणि दव गोठतं. डोंगरावर हेच बर्फाच्या पृष्ठभागावर होतं. पिसांसारखे नाजूक स्फटिक उभे राहतात, दिसायला सुंदर. त्यांच्यावर नवा बर्फ पडला की तो थर आत गाडला जातो, आणि वरचा सगळा भार त्या पिसांवर उभा राहतो. कुणी स्कीवर त्यावरून गेलं की थर मोडतो आणि अख्खा उतार सुटू शकतो. हिमस्खलनं होण्याच्या कारणांपैकी हे एक मोठं. फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवटवर दोन पोलिश पर्यटक हिमस्खलनात गेले, पुढच्या फेब्रुवारीत गुलमर्गलाच एक रशियन स्कीपटू. मोकळा, अस्पर्शित बर्फ पाहून आखलेल्या उताराबाहेर जाण्याचा मोह होतो, तो इथे जिवावर येतो.

तर भाचीबाई, डिसेंबरचं स्वस्त तिकीट सोड. पहिल्यांदा शिकतेयस तर गुलमर्ग, जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य, आणि तारीख बदलता येईल असं तिकीट. तिथल्या भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेचे वर्ग असतात, त्यांच्या तारखा आधी बघ. निघायच्या आठवडाभर आधी हवामान खात्याच्या अंदाजात पश्चिमी विक्षोभ शोध. आणि तो दिसला तर घरी फोन करून बाबांना सांग, खळ्यात काही वाळत घातलं असेल तर झाकून ठेवा म्हणावं.