नाव बदलून पाहा

दिवाळीला आठ दिवस उरले की आमच्या घरात दोन गोष्टी हटकून होतात. चकलीची भाजणी बिघडते आणि कोणीतरी कोणाशी तरी अबोला धरते. यंदा भाजणी जमली; अबोला काही चुकला नाही. तो धरला आमच्या भाचीने, माझ्या चिरंजीवांशी. कारण ऐकाल तर हसाल. दोघांनीही ज्याला कधी प्रत्यक्ष पाहिलेले नाही, अशा एका परदेशस्थ गृहस्थाच्या सचोटीवरून हे महाभारत घडले! हे गृहस्थ संगणकाचे सुटे भाग तपासतात आणि त्यांचे गुणदोष यूट्यूबवर येऊन सांगतात, एवढाच त्यांचा आमच्या घराशी संबंध.

भाची गेली दोन वर्षे शिक्षणासाठी आमच्याकडे आहे. ॲनिमेशन शिकते. तिने संगणकात एक गाढव घडवले आहे. मोठे गोजिरवाणे आहे. पण त्याला चालवायचे म्हणजे सेकंदाला चोवीस चित्रे लागतात, आणि तिच्या जुन्या यंत्राला एकेका चित्राला अकरा मिनिटे. हिशेब तुम्हीच करून पाहा. गाढवाने एक सेकंद चालायचे, तर यंत्राने जवळजवळ साडेचार तास राबायचे! म्हणून पोरीने शाळकरी मुलांच्या शिकवण्या करून पंचेचाळीस हजार रुपये साठवले, चांगले ग्राफिक्स कार्ड घेण्यासाठी. त्या किमतीत बाजारात कार्डे दोन, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची. त्या गृहस्थाने एकाला झुकते माप दिले. भाचीने मान डोलावली. चिरंजीव म्हणाले, "तो विकला गेलेला माणूस आहे."

"कशावरून?"

"कार्ड फुकट येते ना त्याला? मग झाले तर!"

"पण मागच्या वर्षी ह्याच कंपनीला त्याने सोलून काढले होते."

"ते दाखवण्यापुरते. तुझ्यासारख्यांचा विश्वास बसावा म्हणून."

ह्या युक्तिवादाला उत्तर नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. स्तुती केली तर विकला गेला. निंदा केली तर बेमालूम विकला गेला. येथे एक गोष्ट सांगून टाकणे भाग आहे. चिरंजीवांच्या स्वतःच्या यंत्रात दुसऱ्या कंपनीचे कार्ड आहे, आणि ते गेल्याच वर्षी माझ्या पैशाने घेतलेले आहे. ज्याच्या घरात जे कार्ड, त्याला त्या कार्डाची उणीव दाखवणारा लाचखाऊ वाटतो. आपल्या मुलाची पत्रिका न जुळवणारा ज्योतिषी एकाएकी अडाणी ठरतो ना, त्यातलाच हा प्रकार.

शेवटी दोघे माझ्यापुढे येऊन उभे राहिले. एके काळी मी एका मासिकात संगणकाचे पान लिहीत असे. त्या जुन्या पुण्याईवर मला पंच नेमण्यात आले.

मी म्हटले, आधी हा व्यवहार कसा चालतो तो नीट समजून घ्या. नवे कार्ड दुकानात येण्यापूर्वी कंपनी ते निवडक परीक्षकांकडे पाठवते. सोबत अट असते: अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंत तोंड उघडायचे नाही. ती घटका भरली की जगभरचे परीक्षक एकदम बोलू लागतात आणि त्या दिवशी लोक ते अधाशासारखे पाहतात. ज्याला कार्ड मिळाले नाही, तो बिचारा दुकानातून विकत आणून आठवड्याने बोलतो. तोवर मांडव उठलेला असतो. म्हणजे कंपनीने कोणाच्या हातावर पैसे ठेवण्याची गरजच नाही. नुसते पुढचे पार्सल पाठवायचे नाही, की काम झाले!

ही काही माझ्या मनची कथा नव्हे. डिसेंबर २०२० मध्ये एन्व्हिडिया कंपनीने 'हार्डवेअर अनबॉक्स्ड' ह्या ऑस्ट्रेलियातील परीक्षकांना एक पत्र धाडले. रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशाचा एकेक किरण मोजून पडछाया आणि प्रतिबिंबे रंगवण्याची जी रीत, ती ह्या कंपनीच्या मोठ्या अभिमानाची बाब. हे परीक्षक मात्र तिला फारसे महत्त्व देत नसत. नेहमीच्या पद्धतीने खेळ किती वेगाने चालतो, ह्यावर त्यांचा भर. तेव्हा कंपनीने कळवले की आमची स्वतःची कार्डे ह्यापुढे तुम्हांला परीक्षणासाठी येणार नाहीत. तुमचे धोरण बदलले, तर पुन्हा विचार करता येईल. पत्र जगजाहीर झाले. गंमत अशी की, दुसऱ्या परीक्षकांनी, एरवी जे एकमेकांचे प्रतिस्पर्धी, त्यांनीच कंपनीवर तोफ डागली आणि दोन-चार दिवसांत कंपनीने माफी मागून पत्र मागे घेतले.

"पाहिलेस?" भाची म्हणाली. "म्हणजे ते विकले गेले नाहीत."

"पाहिलेस?" चिरंजीव म्हणाले. "म्हणजे बाकीच्यांना अशी पत्रे येतच नाहीत. का येत नाहीत?"

चिरंजीवांचा हा प्रश्न मात्र मला लागला. खरे सांगायचे तर फार खोल लागला. असे पत्र मलाही कधी आले नव्हते. का आले नव्हते, हे मला पक्के ठाऊक होते, आणि वीस वर्षांत ते मी घरी कोणाला सांगितले नव्हते. फराळाच्या डब्यांच्या गराड्यात बसून त्या दिवशी सांगितले.

त्या काळी एका कंपनीने मला एक तयार संगणक परीक्षणासाठी पाठवला होता. महिन्याने परत न्यायचा, असे ठरलेले होते. महिना झाला, दोन झाले. न्यायला कोणी आले नाही, आणि मीही कळवले नाही. यंत्र दिसायला देखणे, कामाला चपळ. फक्त एक खोड होती. मे महिन्याच्या दुपारी दोन तास चालले की आतला पंखा घरघरू लागे आणि यंत्र आपले आपण बंद पडे. हे मी लिहायला हवे होते. मला कोणी लिहू नका म्हटले नव्हते. पैसे दिले नव्हते, फोनसुद्धा केला नव्हता. पण परीक्षण लिहायला बसलो तेव्हा ते यंत्र माझ्या टेबलावर होते, त्याच्यावरच मी लिहीत होतो, आणि पुढच्या महिन्यात त्यांचा नवा मॉनिटर येणार होता. दोष लपवला असे होऊ नये आणि कंपनीला टोचूही नये, असे एक वाक्य मी अर्धा तास खपून तयार केले: 'हे यंत्र हवेशीर जागी ठेवल्यास अधिक समाधान देईल.' त्या वाक्यावर मी खूष होतो!

पुढे जूनमध्ये सोलापूरहून एक पोस्टकार्ड आले. एका निवृत्त शिक्षकांचे. अक्षर मोत्यासारखे. माझे परीक्षण वाचून त्यांनी फंडाच्या पैशातून तेच यंत्र घेतले होते; गावाचा इतिहास लिहून काढायचा त्यांचा मानस होता. पुढे लिहिले होते: 'आपल्या सूचनेप्रमाणे यंत्र खिडकीपाशी ठेवले आहे. खिडकी दिवसभर उघडी असते. तरीही दुपारी बंद पडते. आणखी किती हवेशीर ठेवावे, ते कृपया कळवावे.'

उपरोध नव्हता हो त्यात! खरोखरच विचारले होते त्यांनी.

भाचीने हातातली करंजी तशीच ठेवली. "मग काय उत्तर पाठवलेत, मामा?"

"पाठवले नाही."

कोणी काही बोलले नाही. स्वयंपाकघरातून तळणाचा आवाज येत होता, तेवढाच.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने नियमावली काढली. समाजमाध्यमांवरून एखाद्या वस्तूची शिफारस करणाऱ्याने तिच्या बदल्यात पैसे, फुकट वस्तू, प्रवास असे काही घेतले असेल, तर ते स्पष्ट सांगितले पाहिजे. उत्तम नियम आहे. पण माझ्या पानाखाली 'यंत्र कंपनीच्या सौजन्याने' अशी ओळ असती, तर सोलापूरच्या गुरुजींचे पैसे वाचले असते का? मला शंका आहे. मीठ कोणाचे खाल्ले, एवढे त्या ओळीने कळते. खाल्ल्या मिठाला मी किती जागलो, ते कोठे कळते?

"मग विश्वास ठेवायचा तरी कोणावर?" चिरंजीवांनी विचारले. ह्या खेपेला त्यांचा सूर जरा मऊ होता.

मी त्यांना क्वेकची गोष्ट सांगितली. ही माझी फार आवडती गोष्ट आहे. २००१ साली एटीआय कंपनीचे रेडिऑन ८५०० हे कार्ड आले. त्या काळी कार्डाचा वेग मोजायचा तो 'क्वेक ३' ह्या खेळावर, असा परीक्षकांचा रिवाज होता. एटीआयच्या कार्डाने त्यात चांगलेच गुण मिळवले. 'हार्डओसीपी' ह्या अमेरिकन परीक्षकांना कुणकुण लागली की ह्यात काही काळेबेरे आहे. त्यांनी काय करावे? त्या खेळाच्या फाईलीत 'क्वेक' होते तेथे 'क्वॅक' केले. बस्स! खेळ तोच, कार्ड तेच, नाव तेवढे निराळे. आणि कार्डाचा वेग घसरला, चित्र मात्र सुधारले. कार्डाचा ड्रायव्हर 'क्वेक' हे नाव ओळखून चित्राचा दर्जा गुपचूप कमी करत होता आणि वेग वाढवत होता. शाळातपासनीस येणार त्या दिवशी नेमकी तीच कविता वर्गाकडून घोकून घ्यावी, तसे!

चिरंजीव ह्यावर खुलले, कारण एटीआय भाचीच्या पक्षाची. तेव्हा तराजू सरळ करण्यासाठी २००३ सालचे सांगावे लागले. थ्रीडीमार्क ह्या चाचणीत कॅमेरा ठरलेल्या वाटेनेच फिरतो, हे हेरून एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरने वाटेबाहेरचे देखावे रंगवणेच सोडले होते. नाटकातल्या वाड्याला मागच्या भिंती नसाव्यात, तसे. चाचणी तयार करणाऱ्या फ्यूचरमार्कने आपली चाचणी दुरुस्त केली, तेव्हा त्या कार्डाचे गुण सुमारे चोवीस टक्क्यांनी उतरले. आणि पुढे काही दिवसांतच कंपनीसह संयुक्त पत्रक काढून ह्याच फ्यूचरमार्कने 'फसवणूक' हा शब्द मागे घेतला. परीक्षकानेही कोठेतरी राहायचेच असते ना!

मात्र सगळेच लबाडीचे असते, असेही नाही. २०१८ मध्ये इंटेलने आपल्या नव्या प्रोसेसरची तुलना प्रिन्सिपल्ड टेक्नॉलॉजीज ह्या संस्थेकडून पैसे देऊन करवून घेतली. तिने प्रतिस्पर्धी एएमडीचा आठ गाभ्यांचा प्रोसेसर 'गेम मोड'वर ठेवून खेळ चालवले. ऐकायला किती रास्त! खेळासाठी गेम मोड. पण त्या प्रोसेसरवर गेम मोड लावला की निम्मे गाभे बंद होतात. पहिलवानाचा एक हात बांधून कुस्ती! ओरड झाली, पुन्हा चाचणी झाली आणि अंतर कमी झाले. लबाडी की अज्ञान, ह्यावर वाद पुष्कळ झाला. मला त्यातले वेगळेच महत्त्वाचे वाटते. ही चूक सापडली, कारण त्या संस्थेने कोणते यंत्र, कोणती मांडणी, काय चालू आणि काय बंद, हे सगळे छापले होते. माझ्या 'हवेशीर जागी' ह्या वाक्यात पकडण्यासारखे काहीच नव्हते. किती तास चालवले, खोली किती तापली होती, ह्यातला एक आकडा दिला असता, तरी सोलापूरच्या गुरुजींनी स्वतःच ताडले असते. ते इतिहास लिहायला बसलेले गृहस्थ होते. पुरावा कशाला म्हणतात हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होते.

आणि परीक्षक धर्मराज असला, तरी माल धर्मराजाचा नसतो. २०२१ मध्ये क्रुशियल पी२ ह्या एसएसडीच्या आतल्या चिप्स बदलून हलक्या प्रतीच्या घातल्याचे उघड झाले. डब्यावरचे नाव तेच. आधीची परीक्षणे सगळी खरी होती; फक्त ती आता दुकानात नसलेल्या वस्तूची होती.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, पण त्या गृहस्थाने तपासलेले सगळे खेळच होते. मी तर खेळतच नाही." आणि हे तिला, मला, चिरंजीवांना, तीन माणसांना आठ दिवसांत सुचले नव्हते!

दुसऱ्या दिवशी ती गाढव पेनड्राइव्हवर घेऊन लॅमिंग्टन रोडला गेली. म्हणजे दादासाहेब भडकमकर मार्गाला. पण त्या नावाने तेथे संगणक कोणी विकत घेत नाही. तीन दुकानदारांनी वाटेला लावले. चौथा वयस्क होता, आणि सकाळची वेळ असल्याने रिकामा होता. दोन्ही कार्डे बसवलेली यंत्रे त्याच्याकडे गिऱ्हाइकांसाठी तयार होती. त्याने ब्लेंडर चढवू दिले आणि गाढव पाहून चहाही सांगितला. एका कार्डाने चित्र पावणेदोन मिनिटांत काढले, दुसऱ्याने दोन मिनिटे चाळीस सेकंद घेतले. जिंकले ते चिरंजीवांच्या पक्षाचे. भाचीने निमूट पैसे मोजून तेच घेतले.

आता चिरंजीवांनी गप्प बसावे की नाही? पण नाही. संध्याकाळी पणत्यांना वाती घालता घालता म्हणतात, "पण ती यंत्रे दुकानदारानेच मांडली होती ना? त्याला जे खपवायचे, तेच त्याने वेगाने चालवून दाखवले नसेल कशावरून?"

अबोला अजून सुटलेला नव्हता. पण ह्यावर भाचीला राहवले नाही.

"म्हणून तर मी फाईलीचे नाव बदलून दोन्हींवर पुन्हा चालवली," ती म्हणाली. "गाढव काढून तेथे तुझे नाव घातले. काही फरक पडला नाही."