'होऊन जाईल' म्हणण्याआधी

तुम्ही बी.एस्सी. अ‍ॅग्री केलंय. किंवा पुण्यात एखाद्या टॅक्स कन्सल्टंटकडं दोन वर्षं घासून गावी परतलाय. किंवा ड्रोन उडवायचा परवाना काढून फवारणीची कामं घेताय. उजनी धरणाच्या काठावर असे तरुण आता नवलाचे राहिलेले नाहीत. करमाळ्यातल्या कंदर, वांगी, केत्तूरकडं जा, नाहीतर माढ्यातल्या टेंभुर्णीकडं, भेटतातच. तुमच्याकडं विकायला पोतं नाही, बाटली नाही. तुम्ही विकता ते डोकं, हात आणि वेळ. पोत्याचं वजन काट्यावर होतं, डोक्याचं करायचं कशावर? गिऱ्हाईक ते स्वतःच्या मनातल्या काट्यावर करतं, आणि तो काटा तुम्हाला कुणी दाखवत नाही.

म्हणून या धंद्यातली भांडणं कामावरून कमी आणि 'मला वाटलं होतं'वरून जास्त होतात. 'मला वाटलं होतं, रिटर्न भरला म्हणजे कर्जाची फाइलपण तुम्हीच करणार.' 'मला वाटलं होतं, दर आठवड्याला प्लॉटवर याल.' समोरचा खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटलेलं असतं, आणि तुम्ही ते विचारलेलं नसतं.

केळीचंच घ्या. कंदर आणि आसपासचा पट्टा निर्यातीच्या केळीसाठी नाव कमावून आहे. एखाद्या शेतकऱ्याचा तुम्हाला फोन येतो, "साहेब, तीन एकर जी-नाइन लावायचीय, शेड्यूल द्या." तुम्ही देता. ठिबकमधून कोणतं खत कोणत्या आठवड्यात, किती किलो, सगळं नीट टाइप केलेलं, वर तुमचा फोटो आणि नंबर. त्यानं मागितलं ते त्याला मिळालं. पण त्याला हवं होतं ते शेड्यूल का? त्याला हवी होती अशी बाग, जिचा माल व्यापारी निर्यातीच्या भावानं उचलेल. आता निर्यातीचा माल कशाला म्हणायचं हे बागेत ठरत नाही, घेणाऱ्याच्या मोजमापात ठरतं. केळ्याची लांबी-जाडी, सालीवर ओरखडा नको, चिकाचा डाग नको, १३ किलोचा बॉक्स, कंटेनरमध्ये १३-१४ अंश तापमान. त्याखाली गेलं की साल काळवंडते. केळफूल वेळेत मोडलं नाही, घडाला स्कर्टिंग बॅग घातली नाही, तर तुमच्या खताच्या तक्त्यानं एकट्यानं काय होणार? उलट माल जवळच्या बाजारातच द्यायचा असेल, तर त्या बॅगांचा खर्च कशासाठी? म्हणजे शेड्यूल लिहायच्या आधी विचारायचं, "माल कुणाला द्यायचाय?"

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि तो इथं जरा अवघड आहे. शेतकरी म्हणतो, "पान्याचं टेन्शन न्हाय, धरणावरनं पाइपलाइन हाय." खरंच आहे. पावसाळ्याअखेर यशवंतसागर भरला की पाणी बांधाशी येऊन उभं राहतं. पण उजनीचा हिशेब निराळा. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणात ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठ्यात मोजलं जातं. त्यामुळं 'उजनी उणे' अशी बातमी आली तरी धरण कोरडं पडलेलं नसतं. पाणी असतं, फक्त लांब गेलेलं असतं. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. अशा वेळी काठचे शेतकरी मोटारी पुढं सरकवतात, केबल आणि पाइप वाढवतात, गाळातून चाऱ्या खोदून पाणी मोटारीपर्यंत ओढून आणतात. आणि जूनमध्ये लावलेल्या बागेचे घड भरायचे ते नेमके एप्रिल-मेमध्ये.

म्हणून "पाणी आहे का?" असं विचारूच नका, उत्तर 'हाय की' असंच येणार. "मे महिन्यात तुमची मोटार कुठं असते?" असं विचारा. माणूस खुर्ची पुढं ओढून बोलायला लागेल. मोटार किती वेळा हलवावी लागते, वाढीव केबल कुणाकडनं आणतो, लाइट किती तास असते, चारी कुणाबरोबर सामाईक आहे आणि त्याच्याशी सध्या बोलणं आहे का नाही. पाच मिनिटांत तुम्हाला कळेल की तीन एकर झेपणार नाही, दीड एकर लावलेली बरी. तुम्ही तसं सांगितलंत तर त्याचं मागणं अर्ध्यावर आलं. पण त्याला हवी असलेली बाग त्या दीड एकरातच उभी राहणार आहे.

यावर तुम्ही म्हणाल, एकरावर फी घेतो, मग माझी अर्धी फी गेली की. गेली. त्यात गोड बोलण्यासारखं काही नाही. फी कशावर लावायची याचा विचार मात्र तिथून सुरू करायला लागतो. एकरावर घ्यायची, भेटीवर घ्यायची, की हंगामावर? एकरावर घेतलीत तर जास्त एकर लावायला सांगायचा मोह तुम्हीच पैसे घेऊन पाळलाय.

फीवरून आठवलं. आपल्याकडं शेतीचा सल्ला फुकट मिळायची सवय आहे. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर पान दाखवायचं, दुकानदार बाटली काढून देतो, सल्ला त्या बाटलीच्या किमतीत आलेला असतो. तुम्ही बाटली विकत नाही म्हणून तुमची फी उघडी दिसते. आणि सगळ्यात अवघड दिवस कोणता, तर बाग हिंडून तुम्ही सांगता, "आज काही फवारायची गरज नाही." सल्लागार म्हणून तुमच्या शिक्षणाची खरी किंमत त्या वाक्यात आहे. पण शेतकऱ्याच्या दृष्टीनं तुम्ही आलात, हिंडलात, चहा घेतलात, काहीच न करता गेलात. तिथं "काही करायचं नाही"वर थांबू नका. कीड किती दिसली, किती झाली तर फवारायचं, पुन्हा कधी बघायचं, आणि न फवारल्यामुळं औषध-मजुरीचे किती रुपये वाचले, हे त्याच्यासमोर त्याच्याच वहीत लिहा. त्यानं पैसे मोजलेत ते कशाचे, हे त्याला दिसलं पाहिजे.

ड्रोनवाल्यांचं दुखणंही थोडं असंच. वाढलेल्या उसात माणूस शिरत नाही, म्हणून ड्रोनला मागणी आहे. नेहमीच्या पंपानं फवारताना एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी सहज लागतं. तुम्ही १० लिटरची टाकी भरता, काही मिनिटांत एकर उरकता आणि पंखे बंद करता. बांधावरचे तात्या बघतच राहतात. "झालं? एवढंच?" पान निथळलं नाही म्हणजे औषध बसलं नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव आहे, आणि पंपाच्या फवारणीपुरता तो चुकीचाही नाही. उडवून झाल्यावर बारीक थेंबांचं शास्त्र सांगायला गेलात तर ती सारवासारव वाटते. तेच उडवायच्या आधी सांगा. पाण्याचा थेंब पडला की निळा पडणारा पिवळा कागद मिळतो. त्याचे चार-पाच तुकडे तात्यांच्याच हातानं उसाच्या पानांना लावून घ्या आणि फवारणी झाल्यावर त्यांनाच काढायला सांगा. कागदावर थेंब नीट दिसले तर बोलायची गरज नाही. नाही दिसले तर पुन्हा उडवा, त्याचे पैसे न घेता.

हे दुखणं फक्त आपल्या काठावरचं नाही. परशुरामन, झैथमल आणि बेरी या तीन अभ्यासकांनी अमेरिकेत बँका, क्रेडिट कार्ड, शेअर दलाली, वस्तूंची दुरुस्ती अशा सेवा तपासून १९८५ मध्ये एक मांडणी केली. सेवेची गाडी कुठं कुठं घसरते हे त्यांनी दाखवलं, आणि पहिलीच फट कोणती, तर ग्राहकाला काय हवं आहे आणि सेवा देणाऱ्याला ते काय वाटतं, या दोहोंतली. एमबीएच्या पुस्तकात ही मांडणी अजून शिकवतात. पुढच्या अभ्यासात त्यांना असंही दिसलं, की ग्राहक सगळ्यात जास्त महत्त्व देतो ते शब्द पाळण्याला. चकचकीत ऑफिस, गोड बोलणं हे त्याच्या मागून येतं. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना हे सांगितलंत तर म्हणतील, यात काय नवीन सांगितलं पोरा. पण मग आपण 'उद्या येतो' म्हणून परवा का जातो?

आता, गिऱ्हाईकाला हवं ते सगळं द्यायचं असतं असं कुणी शिकवत असेल तर त्याच्याशी माझं जमायचं नाही. याच जलाशयाच्या भिगवण-कुंभारगावच्या अंगाला हिवाळ्यात अग्निपंख येतात, म्हणजे आपले फ्लेमिंगो. पलीकडं इंदापूर तालुका, जिल्हा पुणे, पण पाणी एकच. तिथं मासेमारी करणाऱ्या घरांतली पोरं पक्षी दाखवायचं काम करायला लागली. यातले जे चांगले आहेत ते बोट सोडायच्या आधी एक गोष्ट विचारून घेतात, फोटो काढायचेत की बघायचेत? फोटोवाल्याला पहाटे निघायचं असतं, ऊन पाठीमागं हवं असतं, तो एका जागी दोन तास गप्प बसतो. कुटुंबाला तासाभरात परत यायचं असतं, लहान मूल असतं, आणि पक्ष्याचं नाव ऐकायला आवडतं. एकाच पाण्यावरची दोन वेगळी कामं आहेत ही. पण दोन्ही बोटींत एक मागणी हमखास येते, "अजून जवळ घ्या की, उडवा जरा." थवा उडाला की रील झकास होते. पक्ष्यांचं खाणं मोडतं, ते लांब जातात, आणि उद्याच्या बोटीला ठिपके दिसतात. अशा वेळी पैसे देणाऱ्याला 'नाही' म्हणावं लागतं. पाण्यात गेल्यावर म्हटलं तर वाद होतो, काठावर म्हटलं तर तो नियम ठरतो.

आणि काही अपेक्षा अशा असतात, ज्या गिऱ्हाईक तोंडानं कधीच सांगत नाही. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्या दुर्घटनेत कुणाचं काय चुकलं हे ठरवायची ही जागा नव्हे. पण कुठल्याही काठावर, कुठल्याही दिवशी नावेत बसणारा माणूस "पलीकडं सोडा" एवढंच म्हणतो. सुखरूप सोडा, असं तो म्हणत नाही, कारण ते सांगावं लागेल असं त्याला वाटतच नाही. वारं सुटलंय, आज बोट निघणार नाही, हे म्हणायचं काम नाव चालवणाऱ्याचं. जॅकेट घातल्याशिवाय बसायचं नाही, हेही त्याचंच. घाईत असलेला माणूस तेव्हा चिडणार, चार शब्द बोलणार. ते ऐकून घ्यायचं. तुमच्या धंद्यातही अशी न बोललेली अपेक्षा आहे, शोधा. हिशेब लिहीत असाल तर गिऱ्हाईकाचे आकडे बाहेर फुटू नयेत ही. फवारणी करत असाल तर शेजारच्या द्राक्षावर तणनाशक उडू नये ही.

राहिला पैशांचा विषय. तिथं आपलं गाडं हमखास अडतं, कारण गिऱ्हाईक म्हणजे मामाचा मेव्हणा नाहीतर थोरल्या भावाचा वर्गमित्र असतो. "किती द्यायचे?" "द्या की तुमच्या मनानं." हे ऐकायला मोठं वाटतं. पण 'मनानं'चा आकडा त्याच्या मनात एक, तुमच्या मनात दुसरा. मग त्यानं दिलेले कमी वाटतात, तुम्ही काही बोलत नाही, पुढच्या वेळी फोन उचलत नाही, आणि तो गावभर सांगतो की पोरगं शिकलं आणि बिघडलं. नात्यातल्या कामाला बोलून ठरवायची गरज कमी असते असं आपण धरून चालतो. मला उलटं वाटतं. परक्याशी बिनसलं तर एक गिऱ्हाईक जातं, पाहुण्याशी बिनसलं तर लग्नाकार्यात तोंड चुकवावं लागतं. तेव्हा आकडा आधी, आणि तारीखही आधी. "ऊसबिल आल्यावर देतो" हे इथलं नेहमीचं वचन आहे, नाही म्हणू नका. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात ते कधी येतात हे तुमच्या घरी विचारा. म्हणून नुसतं 'बिल आल्यावर' नको. अर्धे काम सुरू करताना, उरलेले बिल आल्यावर, पण अमुक महिन्याच्या आत, असं बोला.

बोललेलं लिहा. त्याला स्टँपपेपर लागत नाही, व्हॉट्सअ‍ॅपचा एक मेसेज पुरतो: 'दादा, आपलं ठरलं ते लिहितोय. दीड एकर केळी, महिन्याला दोन भेटी, फोन कधीही. खतं-औषधं तुम्ही आणायची. माल कोणता व्यापारी घेईल हे माझ्या हातात नाही, पण घड झाकण्यापासून काढणीपर्यंत मी सोबत आहे. फी इतकी, अर्धी आता, अर्धी मार्चअखेर. यात काही राहिलं असेल तर सांगा.' मेसेज एवढाच ठेवा, जास्त लांब गेला की वाचला जात नाही. आणि समोरून अंगठा आला तर तेवढ्यावर होकार धरू नका. आपल्याकडं अंगठा म्हणजे मेसेज पोचला. संध्याकाळी चक्कर मारा, ते धारेला बसले असतील तर थांबा, आणि त्यातलं व्यापाऱ्याचं वाक्य तोंडी एकदा पुन्हा सांगा.